चेहरा गेला, नाव राहिलं

प्राचीन रोममधल्या लहान मुलांचे संगमरवरी चेहरे आज जगभरच्या म्युझियममध्ये दिसतात. गाल, केस सगळं ओळखू येतं. पण कित्येकांची नावं हरवलीत. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय.

आपल्या पैठणहून, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानहून, कल्याण बंदराकडे जाणारी वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटातून उतरायची. तिथल्या लेण्यात साधारण २००० वर्षांपूर्वी राजघराण्याचे पुतळे कोरले होते. राजा सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका आणि राजपुत्रसुद्धा. पुतळे गेले, काही पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं टिकलीत: कुमार भायल, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

म्हणून ट्रेकला नाणेघाटात गेलात, तर त्या भिंतीवर स्वतःचं नाव कोरू नका. त्या राजपुत्रांचं तेवढंच उरलंय.