उत्तर कॅलिफोर्नियाचे संघीय जिल्हा न्यायालय : रचना आणि ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. परंतु जे प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर येतात, त्यांतील बहुसंख्य संघीय प्रश्नांची पहिली सुनावणी संघीय जिल्हा न्यायालयांत झालेली असते. पुरावा तेथे नोंदविला जातो, साक्षीदार तेथे तपासले जातात आणि वस्तुस्थिती तेथेच निश्चित होते. सॅन फ्रान्सिस्को येथे मुख्यालय असलेले उत्तर कॅलिफोर्नियाचे जिल्हा न्यायालय हे याचे बोलके उदाहरण होय. भारतीय स्वातंत्र्यलढ्याशीही या न्यायालयाचा प्रत्यक्ष संबंध आलेला आहे.

स्थापना आणि पुनर्रचना :
१७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने अमेरिकेत जिल्हा न्यायालयांची पद्धती अस्तित्वात आली. कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० रोजी संघराज्यात सामील झाले आणि त्याच महिन्यात काँग्रेसने राज्याचे उत्तर व दक्षिण असे दोन न्यायिक जिल्हे पाडले. १८६६ मध्ये ते एकत्र करण्यात आले, १८८६ मध्ये पुन्हा विभागले गेले आणि १९६६ मध्ये उत्तर, पूर्व, मध्य व दक्षिण अशी आजची चतुर्विध रचना झाली. प्रारंभी गंभीर संघीय खटल्यांचा मोठा भाग सर्किट न्यायालयांकडे होता. १९१२ च्या प्रारंभी ती न्यायालये बंद झाल्यावर जिल्हा न्यायालय हेच संघीय पातळीवरील एकमेव सर्वसाधारण प्रथम न्यायालय ठरले.

आजची रचना :
उत्तर जिल्ह्याच्या अधिकारक्षेत्रात सॅन फ्रान्सिस्को, अलामेडा, सांता क्लारा यांसह १५ परगणे येतात. न्यायाधीशांची मंजूर पदे १४ आहेत. राष्ट्राध्यक्ष त्यांचे नामनिर्देशन करतात, सिनेट त्यास संमती देते आणि सद्वर्तन असेपर्यंत, म्हणजे व्यवहारतः तहहयात, ते पदावर राहतात. त्यांच्या मदतीस ठरावीक मुदतीसाठी नेमलेले मॅजिस्ट्रेट न्यायाधीश असतात. अपिले सामान्यतः नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाकडे जातात.

येथे भारतीय वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. भारतातील जिल्हा न्यायालय केंद्राचे व राज्याचे असे दोन्ही कायदे लागू करते. अमेरिकेत मात्र राज्यांची स्वतंत्र न्यायालये असून संघीय जिल्हा न्यायालय मुख्यतः संघीय कायद्याचे वाद, संघशासन पक्षकार असलेले खटले आणि भिन्न राज्यांच्या नागरिकांतील मोठ्या रकमेचे दावे चालविते.

चिनी स्थलांतरितांचे अर्ज :
पहिले न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन यांनी १८५१ ते १८९१ अशी चाळीस वर्षे काम पाहिले. मेक्सिकन राजवटीतील जमीनदानांचे वाद हे त्यांचे आरंभीचे मोठे काम होते. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्यानंतर बंदरावर अडविलेल्या चिनी प्रवाशांचे हजारो बंदी-प्रत्यक्षीकरण अर्ज दाखल झाले. हॉफमन चिनी स्थलांतराला अनुकूल नव्हते. तथापि प्रत्येक अर्जदाराचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकलेच पाहिजे, ही कायद्याची अट त्यांनी पाळली आणि बहुसंख्य अर्जदारांना प्रवेश मिळाला. पुढे १८९६ मध्ये न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले वाँग किम आर्क हे अमेरिकेचे नागरिक असल्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो १८९८ मध्ये कायम केला.

गदर खटला :
नोव्हेंबर १९१७ मध्ये न्यायाधीश विल्यम व्हॅन फ्लीट यांच्यासमोर 'हिंदू-जर्मन कट' खटला सुरू झाला. अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्याचा भंग करून ब्रिटिश हिंदुस्थानविरुद्ध मोहीम उभारल्याचा आरोप जर्मन वकिलातीचे अधिकारी आणि गदर पक्षाचे कार्यकर्ते यांच्यावर होता. एप्रिल १९१८ मध्ये खटला संपत असताना आरोपी रामचंद्र यांची सहआरोपी रामसिंग यांनी भर न्यायालयात गोळ्या घालून हत्या केली, आणि मार्शलच्या गोळीने रामसिंगही ठार झाले. ज्यूरीने बहुतेक आरोपींना दोषी ठरविले. तारकनाथ दास यांना बावीस महिन्यांची शिक्षा झाली.

याच चळवळीचा दुसरा खटला १९१५ मध्ये लाहोरला चालला होता. भारत संरक्षण कायद्याखालील विशेष न्यायाधिकरणापुढे ना ज्यूरी होती, ना अपिलाची सोय. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत गदर चळवळीत सामील झाले होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोर येथे त्यांना फाशी देण्यात आली. दोन्ही ठिकाणचे आरोप व कायदे भिन्न होते, त्यामुळे शिक्षांची सरळ तुलना युक्त नव्हे. परंतु न्यायालयाची घडण आरोपीच्या भवितव्यावर किती परिणाम करते, हे या दोन खटल्यांवरून दिसून येते.

चूक आणि दुरुस्ती :
संरचना चांगली असली म्हणजे न्याय मिळतोच, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलविण्याचा आदेश मोडल्याबद्दल फ्रेड कोरेमात्सु यांना १९४२ मध्ये याच न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. पुढे शासनाने महत्त्वाचा पुरावा दडविल्याचे उघडकीस आले. नोव्हेंबर १९८३ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी ती दोषसिद्धी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मोडण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयास नव्हता. मात्र स्वतःच्या अभिलेखातील अन्याय दूर करण्याचा अधिकार त्यास होता, आणि तो वापरला गेला.

समारोप :
या वाटचालीवरून असे म्हणता येते की, प्रथम न्यायालयाचे महत्त्व केवळ त्याच्या निकालांत नसते. व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्याची नोंद जपणे हे त्याचे मूलभूत कार्य होय. हॉफमन यांच्यासमोरील चिनी प्रवाशाला त्या ऐकून घेण्याने तत्काळ दिलासा मिळाला. कोरेमात्सु यांना मात्र त्यासाठी एकेचाळीस वर्षे थांबावे लागले.