तालीम, वस्ताद आणि फुटबॉल

कोल्हापूर म्हटलं की आपल्यापुढं तांबडी माती आणि शड्डू ठोकणारा पैलवान उभा राहतो. ते खोटं नाही. १८९४ साली राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, मल्लविद्येला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. पण या गावाला फुटबॉलचंही तेवढंच वेड आहे. इथल्या संघांची नावंच पाहा ना! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. नाव तालमीचं आणि खेळ चेंडूचा!

ही जोड जमली कशी? तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा हौद नव्हे. ती पेठेची बैठक असते, सणावाराला एकत्र येण्याची आणि अडीनडीला धावून जाण्याची जागा असते. पोरं तिथं जमतच होती. चेंडू आला तो तिथंच रुजला. आजही पावसाळा सरला की छत्रपती शाहू स्टेडियमकडं पेठाच्या पेठा लोटतात.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. कुस्तीत डाव ज्याचा, यश त्याचं. फुटबॉलमध्ये अकरा जणांचा मिळून एक डाव. तेव्हा फुटबॉलच्या वस्तादाला अंग कमावून घेण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवावी लागते: पायातला चेंडू वेळेवर दुसऱ्याला देणं. नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम बहुधा यातच खर्ची पडतो.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे असे एक वस्ताद. पेशानं शाळामास्तर. १९५० ते १९५४ या काळात त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईचा रोव्हर्स कप लागोपाठ पाच वेळा जिंकला. १९६२ साली ते भारताचा संघ घेऊन जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० अशी हार! पुढं थायलंडला हरवलं खरं, पण बचावाचा भक्कम गडी जर्नेलसिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीमसाहेबांनी काय करावं? त्याला बचावातून काढलं आणि आघाडीला खेळवलं. त्यानं उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. ४ सप्टेंबरला त्याच कोरियाला २-१ असं नमवून भारतानं सुवर्णपदक घेतलं. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं आजारी होते. पुढच्याच जूनमध्ये ते वारले.

दर हंगामाला सोनंच लागतं असं मात्र नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस हे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा स्पर्धेला जेमतेम सात महिने उरले होते. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने आपण हरलो. गोल झाला तो एकच, कोलंबियाविरुद्ध. पण फुटबॉलच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. सात महिन्यांत एवढं पीक हाती आलं, तर पेरणी वाया गेली असं कोण म्हणेल?

आता थोडं कडू बोलतो. पेठेचा अभिमान चांगला, पण तो हातघाईवर आला की खेळ बुडतो. कोल्हापुरात हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागले आहेत. इथंच कॉलेजच्या संघाचं मोल कळतं. १९६२ सालीच, १८ नोव्हेंबरला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजच्या संघात एकमेकांशी चुरस असलेल्या तालमींची पोरं एकाच रंगाचा सदरा घालून उतरतात. काल ज्याला पाडलं, आज त्यालाच चेंडू द्यायचा! हे ज्या प्रशिक्षकाला साधलं, त्यानं चषक आणला नाही तरी मोठं काम केलं.

गुरुजी, तुमच्या गावी स्टेडियम नसेल. खळं असेल, माळ असेल. रहीमसाहेब आपल्या गड्यांना दुबळ्या पायानंच खेळायला लावत, चेंडू पायात घोळवायला बंदी करत. याला पैसा लागत नाही. वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा, दोघांना एका बाजूला घ्या. शिट्टी मात्र तुमच्याच हाती असू द्या.