गावातल्या गावात

काशीदच्या किनाऱ्यावरून शेजारच्या घरी फोटो पाठवला, तर तो थेट तिथे जात नाही. आधी गावाबाहेर पडतो, कुठल्यातरी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर पोहोचतो आणि मग शेजारी येतो. हा वळसा अटळ नव्हता. वीस वर्षांपूर्वी शहरांत जवळचा रस्ता होता. मी तो वापरला आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ साली खासगी पुरवठादारांना वाट मिळाली आणि पुढे मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा ओढल्या. बाहेरची बँडविड्थ महाग होती, गल्लीतली तार मात्र एकदाच खर्च मागे. म्हणून एकाच जोडणीला दोन वेग असत. २००४च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले. त्या वेगाने ७०० एमबीची फाइल उतरायला सहा तास लागत. तीच फाइल पुरवठादाराच्या सर्व्हरवर किंवा डीसी++ हबवरच्या शेजाऱ्याकडे असली, तर काही मिनिटे पुरत. तिथे खेळ होते, गप्पा होत्या, लिनक्स होते. चोरीचे चित्रपटही भरपूर होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

देशाचेही तेच दुखणे होते. दोन भारतीय पुरवठादारांमधली माहिती अनेकदा परदेशातून फिरून येई. ती देशातच वळवण्यासाठी २००३ साली ‘निक्सी’ स्थापन झाली.

पुढे वेग वाढला, हब ओस पडले. स्थानिक साठा संपला नाही; त्याचा मालक बदलला. आज गूगल, नेटफ्लिक्सचे सर्व्हर पुरवठादारांच्या जाळ्यात बसवलेले असतात. चित्रपट जवळ आला, शेजारी मात्र लांब गेला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातली वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. बाहेरचा दुवा तुटला, की गावातला निरोपही थांबतो. गावात एक छोटा सर्व्हर, इन्व्हर्टर आणि शाबूत राहिलेल्या थोड्या तारा असत्या, तर पाणी कुठे आहे, औषध कोणाला हवे, एवढे तरी कळले असते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. त्या फायबरच्या टोकाशी गावाचा स्वतःचा सर्व्हरही असावा, एवढेच हा इतिहास सुचवतो.