वाद मिटेपर्यंत मूल कुठे बसणार?

अमेरिकेत तुमचं नाव सरकारी शाळेत घातलं, तेव्हा आई-बाबांनी बहुधा घराचा भाडेकरार आणि विजेचं बिल जोडलं असेल. इथे शाळा ठरते पत्त्यावरून. मग ज्याला पत्ताच नाही त्याने काय करायचं?

१९८०च्या दशकात अशी मुलं शाळेच्या ऑफिसातूनच परत जायची. जुनी शाळा म्हणे, तुम्ही आता आमच्या हद्दीत राहत नाही. शेल्टरजवळची शाळा म्हणे, तुम्ही इथले कायमचे रहिवासी नाही. दोघींचे कागद चोख, आणि मूल बाहेर.

१९८७च्या मॅककिनी कायद्याने या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यांवर टाकली. पण ती पाळली नाही तर? वॉशिंग्टन डी.सी.तल्या बेघर पालकांनी शहराला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९९४ मध्ये, लॅम्पकिन खटल्यात, अपील कोर्ट म्हणालं की पालक हा हक्क कोर्टात मागू शकतात. त्यावर १९९५ मध्ये शहराला आदेश झाला: मुलं शोधा, त्यांच्या बसची सोय करा. शहराने काय करावं? या कायद्याखाली मिळणारा केंद्राचा निधीच सोडून दिला! निधी नाही म्हणून अटी नाहीत, म्हणून आदेशही रद्द. जिंकूनही हात रिकामे, दुसरं काय.

खरा फरक पडला तो २००१च्या दुरुस्तीने. तोवर कायद्याला मॅककिनी-व्हेंटो हे नाव मिळालं होतं. तिच्यातलं एक कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: प्रवेशावरून वाद झाला तर मूल जी शाळा मागतंय तिथे त्याला ताबडतोब घ्यायचं, आणि मग भांडायचं. नकाराचं कारण लेखी द्यायचं, अपिलाचा हक्क सांगायचा. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी एक लायझन नेमायचा. आधी वेळ काढण्यात शाळेचा फायदा होता, कारण तारखा पडत गेल्या की वर्ष संपायचं. आता तारखा पडोत, मूल वर्गात असतं. २०१५ मध्ये हेही स्पष्ट झालं की ही सोय सगळी अपिलं संपेपर्यंत टिकते.

आणि 'बेघर' म्हणजे फक्त शेल्टरमधले नव्हेत, बरं का. नोकरी गेली, भाडं थकलं आणि कुटुंब काकांच्या बेसमेंटमध्ये येऊन राहिलं, तरी ती मुलं या व्याख्येत बसतात. आपल्याकडे असं कुणी सांगत नाही. 'सध्या काकांकडे आहोत' एवढंच म्हणतात. तुमच्या वर्गातलं कुणी तसं म्हणालं, तर लायझन कोण आहे ते त्याच्यासाठी ऑफिसात विचारून ठेवा.