दंतवैद्यक प्रवेशचाचणी, अमेरिकेतील
अमेरिकन डेंटल असोसिएशन ही चाचणी 1950 पासून देशभर घेत आहे. पूर्वी उमेदवाराच्या हाती खडूची कांडी आणि चाकू देत. दिलेल्या आकृतीबरहुकूम ती कोरायची. 1972 मध्ये खडू गेला आणि नजरेची परीक्षा आली : घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले, तर तो उलगडल्यावर भोके कुठे दिसतील, असले प्रश्न.

चाचणीचे भाकीत मध्यम प्रतीचेच. तिच्यातील विज्ञान विभागाचे गुण दंतवैद्यक शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांच्या लेखी विषयांशी बऱ्यापैकी जुळतात. त्याआधीच्या महाविद्यालयीन गुणांची जोड दिली की अधिक. आकृत्यांचे गुण मेणाचा दात घडवण्यासारख्या प्रात्यक्षिकांचा थोडाफार अंदाज देतात. खुर्चीत घाबरून बसलेल्या रुग्णावर काम सुरू झाले की मात्र हा संबंध सैल पडतो. त्यात एक सांख्यिकीय मेख आहे : कमी गुणांच्या उमेदवारांना प्रवेशच मिळत नाही, त्यामुळे उरलेल्यांच्या गुणांत फरक थोडा आणि सहसंबंध आहे त्याहून क्षीण दिसतो.

भारतात बीडीएस या दंतवैद्यक पदवीचे प्रवेश ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेवर होतात. तिच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राला आहेत. हाताच्या कौशल्याला एकही नाही.