आठ शास्त्रज्ञांचें निर्गमन

विज्ञानाच्या इतिहासांत शोधांच्या तारखा सहसा चुकत नाहींत. परंतु ज्या घरांत ते शोध लागले तेथील माणसांचे परस्परसंबंध कसे होते, ही गोष्ट बहुधा तळटीपेंत ढकलली जाते. वास्तविक कित्येक प्रसंगीं इतिहासाचा ओघ याच गोष्टीनें वळविलेला असतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत १९५७ सालीं आठ तरुण शास्त्रज्ञांनीं एकाच वेळीं आपल्या प्रयोगशाळेंतील जागांचे राजीनामे दिले, ती घटना या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

त्या प्रयोगशाळेचे संस्थापक डॉ. विल्यम शॉक्ले. त्यांची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. शॉक्ले त्या मंडळींचे प्रमुख खरे. पण या यशांत आपला प्रत्यक्ष हात नव्हता, हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. लवकरच त्यांनीं स्वतःच्या बुद्धीनें ट्रान्झिस्टरचा दुसरा, अधिक उपयुक्त प्रकार शोधून काढला. तथापि सहकाऱ्यांचीं विटलेलीं मनें पुन्हां जुळलीं नाहींत. ब्रॅटन यांनीं त्यांच्या हाताखालून बदली मागून घेतली, आणि बार्डीन १९५१ सालीं इलिनॉय विद्यापीठांत निघून गेले. १९५६ चें नोबेल पारितोषिक तिघांस मिळून मिळालें, तेव्हां तिघांचे मार्ग केव्हांच वेगळे झालेले होते.

त्याच सालीं शॉक्ले यांनीं आर्नल्ड बेकमन या उद्योगपतींच्या द्रव्यसाहाय्यानें माउंटन व्ह्यू येथें स्वतःची प्रयोगशाळा उघडली. ट्रान्झिस्टरसाठीं जर्मेनियमऐवजीं सिलिकॉनची वाट धरण्यांत त्यांची दूरदृष्टि दिसते. माणसें पारखण्यांत तर त्यांचा हात धरणारा विरळा. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, ज्यां होर्नी, जे लास्ट, शेल्डन रॉबर्ट्स, यूजीन क्लायनर, व्हिक्टर ग्रिनिच व ज्यूलियस ब्लँक हे आठहीजण त्यांनींच निवडून आणलेले होते.

परंतु निवडलेल्या माणसावर विश्वास टाकणें ही निराळी विद्या आहे, आणि ती शॉक्ले यांस साधली नाहीं. एकदां कचेरींतील एका बाईंच्या हातास दारापाशीं कांहीं टोंचून जखम झाली. यांत कोणाचा तरी दुष्ट हेतु असावा, असा ग्रह करून घेऊन शॉक्ले यांनीं खोटें ओळखण्याच्या यंत्रावर मंडळींची परीक्षा घेण्याचा घाट घातला. रॉबर्ट्स यांनीं ती वस्तु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तों ती डोकें तुटलेली टाचणी निघाली! शिवाय सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजूस सारून शॉक्ले यांनीं स्वतःच्या कल्पनेंतील चार थरांच्या डायोडचा ध्यास घेतला. सहकाऱ्यांस तें पटलें नाहीं. पण त्यांच्या मताची तेथें किंमत नव्हती.

ही मंडळी निघून जाण्यास उतावीळ मुळींच नव्हती. त्यांतील बहुतेकांनीं प्रथम बेकमन यांस गाठून, कारभार दुसऱ्या कोणाकडे सोंपवावा, अशी विनंति केली. बेकमन आरंभीं अनुकूल दिसले. परंतु अखेर त्यांनीं शॉक्ले यांचाच अधिकार कायम ठेवला. पुढें क्लायनर यांनीं न्यूयॉर्कच्या एका पेढीस पत्र लिहिलें, त्यांतही मागणें एवढेंच कीं, आम्हां सर्वांस एकत्र नोकरीस ठेवणारा धनी पाहून द्यावा. स्वतंत्र कंपनीची कल्पना त्या पेढींतील आर्थर रॉक यांनीं सुचविली. शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीनें भांडवल पुरविलें, आणि १८ सप्टेंबर १९५७ रोजीं राजीनामे पडले. 'द्रोही अष्टक' हें नांव त्यांस चिकटलें तें कायमचें.

द्रोह कोणी कोणाचा केला, हें परिणामांवरून वाचकांनीं ठरवावें. १९५९ सालीं फेअरचाइल्डमध्यें होर्नी यांनीं ट्रान्झिस्टर सपाट पृष्ठावर घडविण्याची रीति बसविली, आणि तिच्याच आधारें नॉइस यांनीं सिलिकॉनच्या एका तुकड्यावर सबंध मंडल उठविण्याची युक्ति काढली. आजच्या गणकयंत्रांचा पाया तो हाच. इकडे शॉक्ले यांची प्रयोगशाळा कधींच नफ्यांत आली नाहीं, व १९६० सालीं ती दुसऱ्या कंपनीस विकली गेली.

तथापि घर बदलल्यानें दोष मागें राहतोच असें नाहीं. फेअरचाइल्डमध्येंही पूर्वेकडील मालक मंडळींचा वरचष्मा जाचूं लागला. १९६१ सालीं होर्नी, लास्ट व रॉबर्ट्स गेले, आणि १९६८ सालीं नॉइस व मूर यांनीं बाहेर पडून इंटेल कंपनी काढली. बुद्धिमान माणसें जमविणाऱ्यांस इमारत, उपकरणें व पगार यांचा हिशेब सहज मांडतां येतो. त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याची तयारी मात्र त्या हिशेबांत धरलेली नसते, आणि ती नसल्यामुळें काय गमावलें हें माणसें निघून गेल्यावरच कळतें. आपल्याकडील विद्यापीठें व संशोधनसंस्था चालविणाऱ्यांनीं हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देऊं नये, एवढीच आमची सूचना आहे.