विश्वरचनेची मराठी पुस्तके आणि सीमाभागातला वाचक

विश्वाची रचना मराठीत समजावून सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक पुण्या-मुंबईत नव्हे, भोपाळजवळच्या सिहोरमध्ये लिहिले गेले. लान्सलॉट विल्किन्सन हा कंपनी सरकारचा अधिकारी तिथल्या पाठशाळेचा आश्रयदाता होता. त्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू या पंडितांनी 1836 मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' सिद्ध केले. त्यात विश्वाची तीन चित्रे शेजारी शेजारी होती: पुराणांतली मेरूभोवती पसरलेली सपाट पृथ्वी, भास्कराचार्यादी सिद्धांतकारांची मध्यभागी असलेली गोल पृथ्वी, आणि कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी. या क्रमामागे धोरण होते. वाचकाला एकदम कोपर्निकसपुढे उभे केले, तर ही साहेबाची विद्या म्हणून त्याने पाठ फिरवण्याचा संभव. म्हणून आधी आपल्याच सिद्धांतकारांच्या आधारे सपाट पृथ्वी बाजूला सारायची आणि मग त्या सिद्धांतांच्याही पुढे पाऊल टाकायचे. परस्परविरोधी मते वाचकासमोर ठेवून ती तोलून दाखवण्याची ही रीत मराठीत टिकली. या लेखनाचे बळ तीतच आहे.

त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर 'दर्पण'नंतर 1840 मध्ये काढलेल्या 'दिग्दर्शन' मासिकातून शास्त्रीय विषय वाचकांपर्यंत नेत होते. मात्र आकाशाकडे रसिकतेने पाहायला शिकवणारे पुस्तक यायला शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'ज्योतिर्विलास'चे उपशीर्षकच 'रात्रीची दोन घटका मौज' असे होते. दीक्षित पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला जाडजूड इतिहास 1896 मध्ये प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक तो आजही हाताशी ठेवतात. पण अंगणात उभे राहून वर पाहणाऱ्या माणसासाठी लिहिलेले पुस्तक 'ज्योतिर्विलास'च.

बेळगाव परिसराचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो व्यंकटेश बापूजी केतकर (1854–1930) यांच्यामुळे. जन्म नरगुंदचा, शिक्षण बेळगावात, शिक्षकी बागलकोटला. हा सारा टापू तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि मराठी, कानडी, संस्कृत व इंग्रजी अशा चारही भाषांची वर्दळ त्याला नवी नव्हती. जुन्या पंचांगांतले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, ही केतकरांची तळमळ. पाश्चात्त्य गणितावर आधारलेली कोष्टके त्यांनी संस्कृत 'ज्योतिर्गणितम्'मध्ये दिली आणि मराठीतही लेखन केले. पंचांगाच्या वादात लोकमान्य टिळक रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून राशिचक्राचा आरंभ मोजण्याच्या बाजूचे, तर केतकर चित्रा तारा प्रमाण मानणारे. आज विश्वशास्त्रात हा वाद गौण ठरेल. त्या काळी मात्र संक्रांत कोणत्या दिवशी करायची हे त्यावर ठरत असे, त्यामुळे आकाशाचे गणित घरोघर चर्चेत होते.

केतकरांचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. 1911 मध्ये फ्रेंच ज्योतिष मंडळाच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचे भाकीत केले. गुरूच्या उपग्रहांच्या भ्रमणकाळांत लाप्लासला जे प्रमाण आढळले होते, तेच बाहेरच्या ग्रहांना लावून त्यांनी एका ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे 39 पट आणि त्याचा फेरा सुमारे 242 वर्षांचा काढला. 1930 च्या फेब्रुवारीत क्लाइड टॉम्बॉला प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरा 248 वर्षांचा. आकडे चकित करण्याइतके जवळचे आहेत, पण भाकीत खरे ठरले असे म्हणणे धाडसाचे. इतर ग्रहांच्या कक्षांवर जाणवण्याजोगा परिणाम करण्याइतके वस्तुमान प्लूटोला नाही आणि केतकरांची रीत साम्यावर आधारलेली होती. तरीही बागलकोटच्या शाळामास्तराने पॅरिसच्या पत्रिकेत हे मांडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

पुण्यात 1928 मध्ये 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. पुढच्याच वर्षी हबलने दीर्घिका दूर पळत असल्याचा पुरावा दिला आणि विश्वशास्त्राचा विषयच बदलला. 1930 च्या सुमारास इंग्रजीत जीन्स आणि एडिंग्टन यांची पुस्तके हातोहात खपली. मराठीत त्या तोडीचे पुस्तक येण्यास बराच काळ गेला.

ती उणीव भरून काढली कोल्हापुरात 1938 मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या कल्पनेप्रमाणे विश्व प्रसरण पावते, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. म्हणून त्याला आरंभ नाही. 1965 मध्ये सुमारे 3 केल्विन तापमानाच्या विश्वव्यापी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे असे मानणाऱ्या सिद्धांताच्या, बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. 1993 मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर विश्वाची सुधारित आवृत्ती मांडली. म्हणजे विश्वशास्त्राचा मराठीतला सर्वांत परिचित निरूपणकार प्रचलित सिद्धांताचा टीकाकार होता. सुबाजी बापूंच्या रीतीला हे धरूनच झाले.

नारळीकरांनी आधी वाट धरली ती कथेची. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी फक्त उलटी केली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी'सारखे कथासंग्रह आणि खगोलशास्त्राचा सविस्तर परिचय करून देणारे 'आकाशाशी जडले नाते' आले. मोहन आपटे यांचे 'ब्रह्मांड : उत्पत्ती, स्थिती, विनाश' याच परंपरेतले. 1988 मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या विश्वशास्त्रावरच्या इंग्रजी पुस्तकाने जगभर खपाचे विक्रम केले. त्याच वर्षी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि संशोधक स्वतः मराठीत बोलेल अशी जागा वाचकाला मिळाली.

सीमाभागात ही पुस्तके पोहोचली ती वेगळ्या वाटेने. 1956 नंतर बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. इथल्या मराठी शाळांची क्रमिक पुस्तके कर्नाटकाची, बालभारतीची नव्हेत. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत येते, हा या भागातल्या सीमेच्या गुंत्याचा आणखी एक नमुना. मराठीतून वाढलेल्या विद्यार्थ्याला शाळेबाहेरचे विज्ञान मिळायचे ते कोल्हापूर-पुण्याहून आलेल्या पुस्तकांतून आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थांतून. शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न इथे किती जिव्हाळ्याचा आहे, ते वेंगुर्ला रस्त्यावरच्या हिंडलग्यात दिसते: 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचे स्मारक या गावात आहे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा आसपासच्या गावांत भरणारी ग्रामीण साहित्य संमेलनेही पुस्तकांची वाट मोकळी ठेवतात. ग्रंथदिंडीने सुरुवात होते आणि मंडपाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात. कथाकथन आणि कविसंमेलन हा त्यांचा मुख्य रंग. विज्ञानाच्या वाट्याला कोपराच येतो, आणि अखिल भारतीय संमेलनाचीही दीर्घकाळ तीच गत होती. 1975 च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. त्यानंतर एखाद्या खगोलशास्त्रज्ञाला अध्यक्षपद मिळायला 2021 चे नाशिक संमेलन यावे लागले. ते अध्यक्ष स्वतः नारळीकरच होते. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.